राखेचं पाणी आणि नमुना चौदा

६ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. खरं सांगायचं तर साष्टांग घातलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं ते मला माहीत आहे. उभ्यानेच केला, पण मनापासून.

पत्र लिहायचं कारण असं, की गेल्या तीन आठवड्यांत मी तुला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा तू उचललास, माझं ‘आत्या’ पूर्ण होऊ दिलंस आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलास. शेवटच्या वेळी तर तू ‘राँग नंबर, जेवलीस का?’ असं म्हणालीस आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत ठेवलास. तेव्हा हे पत्र. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, कारण ते तुला शेजारचे शिंपीकाका वाचून दाखवणार, आणि काका एकदा वाचायला लागले की मधे थांबत नाहीत. माझं चौथीचं प्रगतिपुस्तक त्यांनी छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं होतं.

बातमी अशी, की तुझ्या भंगाराच्या शेडमधल्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी इथे धुमाकूळ घातला आहे.

तू विचारलं होतंस, बाटल्या जाळायच्याच होत्या तर एवढं शिकलीस कशाला. आत्या, आम्ही जाळत नाही. हवा लागू न देता तापवतो. भट्टीतून कोळसा निघतो आणि त्या कोळशाला भोकं असतात, इतकी बारीक की कुठल्याही भिंगातून दिसणार नाहीत. कारखान्याच्या धुराड्यातला धूर त्यातून सोडला, की कार्बन डायऑक्साइड तेवढा त्या भोकांत अडकतो आणि बाकीची हवा पुढे जाते. नंतर कोळसा जरा गरम केला की तो वायू सुटतो, टाकीत भरून ठेवता येतो आणि कोळसा पुन्हा कामाला तयार. चमच्याच्या टोकावर राहील एवढ्या कोळशातल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान झाकलं जाईल. हे मी फुगवून सांगत नाही, मोजायचं यंत्र आहे. ते चालवतात त्यांना सगळे मामा म्हणतात आणि ते यंत्राला ‘ही’ म्हणतात. ‘ही आज सकाळपासून काही घेत नाहीये’ वगैरे.

भोकं पडावीत म्हणून बाटल्यांच्या तुकड्यांत एक जहाल क्षार मिसळावा लागतो. तो न मिसळता केलेले साधे नमुनेही मी ठेवते, तुलनेपुरते. शर्यतीत कुणीतरी शेवटचा यायला हवा ना, तसे. नमुना चौदा तसाच साधा होता, तुझ्या जानेवारीच्या पोत्यातला. तो हरण्यासाठी उभा केला होता आणि तो पहिला आला. नुसता पहिला नाही, जहाल क्षारवाल्यांना त्याने धूळ चारली.

मामांनी यंत्र दोनदा तपासलं. आमच्या मॅडमनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्यांनी, एकच प्रश्न विचारला : तुकडे धुतले होतेस ना? मी वही दाखवली. पान एक्केचाळीस, ‘शुद्ध पाण्याने तीनदा धुतले’. मग त्यांनी मान हलवली. वहीत लिहिलेलंच आहे, त्यामुळे त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

आता तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा आहे आणि तुझं पोतं संपलं. एक पोतं पाठवशील का? अगदी तसंच.

आणि मी तुझ्या शेडमध्ये आले होते त्या रविवारबद्दल. मी जे बोलले ते मालाबद्दल बोलले, तुझ्याबद्दल नाही. तुकड्यावर बोट फिरवून मी पांढरी पूड दाखवली आणि ‘आमच्याकडे याला घाण म्हणतात’ असं म्हणाले, एवढंच. शिंपीकाका आणि टेंपोवाला तिथे उभे होते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण जे दिसलं ते बोलू नये का?

काका, इथून खाली तिला वाचून दाखवू नका. हे फक्त तुमच्यासाठी. तिचा डावा गुडघा कसा आहे? गोळ्या घेते का? विचारू नका, डबीतल्या मोजा.

तुझी,
पोर


१५ फेब्रुवारी
(शिंपीकाकांचं उत्तर. मापाच्या वहीतल्या पानावर. वर लिहिलं होतं : खांदा १७, बाही २४, गिऱ्हाईक घाईत.)

चिरंजीव पोरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं, वाचून दाखवलं. तुझी आत्या म्हणते, तिला काही म्हणायचं नाही. हे तिने पाऊण तास म्हटलं. सगळं लिहायला कागद पुरणार नाही, सारांश असा की तिच्या हातून गेलेल्या बाटलीत माणूस तोंड बघून भांग पाडतो, आणि जी पोर तिच्याच बाटल्यांच्या लेबलांवर अक्षरं शिकली तिने तिला चारचौघांत घाण म्हणावं.

मी म्हटलं, मालाला म्हणाली. तर म्हणाली, माल म्हणजे कोण?

शेवटचा भाग वाचू नका असं तू लिहिलंस, पण कुठला भाग गाळायचा ते कळायला आधी तो वाचावा लागतो, आणि मला मनात वाचता येत नाही. कधीच आलं नाही. गोळ्या डबीत आहेत तेवढ्याच आहेत. गुडघा बरा आहे असं तुला कळवायचं ठरलं आहे.

दुकानात तेव्हा तिघं होती. सगळ्यांना नमुना चौदाचं कौतुक वाटलं.


२२ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार, आज बसून.

पोतं आलेलं नाही, ते ठीक आहे. मी दुसऱ्या दुकानातून बाटल्या आणल्या, धुतल्या, कापल्या, तापवल्या. नमुना पंधरा, सोळा, सतरा. मामा म्हणाले, ‘यापेक्षा विटेला जास्त भोकं असतील.’ मॅडमनी तिन्ही आकडे वहीत उतरवायला सांगितले.

मी अक्षरं लेबलांवर शिकले हे मी कुणापासून लपवत नाही. मला पहिल्यांदा सलग वाचता आलेले शब्द ‘वापरण्यापूर्वी हलवा’ हे होते आणि त्यानंतर आठवडाभर मी जेवणाचं ताटसुद्धा हलवत होते, हे मी इथल्या मुलाखतीत सांगितलं होतं. ते हसले आणि मला घेतलं. आपल्या घरात माझ्या आधी कुणी शाळेची पायरी चढलं नाही, त्यामुळे मला सारखं वाटतं की कुणीतरी येऊन म्हणेल, चूक झाली बाई, ही खुर्ची तुझी नव्हे. म्हणून मी वही इतकी जपून लिहिते. इतर मुलं वहीत ‘साधारण पाच ग्रॅम’ लिहितात. मी ‘चार पूर्णांक नऊशे ब्याऐंशी’ लिहिते आणि खाली वजनकाट्याचा नंबर टाकते. मला इथे ‘तपशील’ म्हणतात. हाक मारताना सुद्धा. ‘तपशील, चहाला येतेस का?’

काका, पुढचा भाग मनात वाचा. तुम्हाला येत नाही हे मला माहीत आहे. तरी मनात वाचा.

मी नमुना चौदाचे तुकडे धुतले नव्हते.

त्या दिवशी शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं, आणि भट्टीचा माझा नंबर त्याच दिवशी होता. तो हुकला असता तर तीन आठवडे थांबावं लागलं असतं. तुकडे चांगले चकचकीत दिसत होते. मी म्हटलं, आत्याने धुतलेत, अजून काय धुवायचं. आणि हात सवयीने लिहून गेला, ‘तीनदा धुतले’. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांवर बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागलं. तेव्हापासून मला झोप नाही. त्याच रविवारी मी तुमच्याकडे आले आणि तिच्यावर खेकसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. वहीत मी धुतल्या तांदळासारखी आहे आणि तुकडे मात्र धुतलेलेच नाहीत.

हे मी मॅडमना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही लांब आहात.

एवढंच.

पोर


१२ मार्च

तीर्थरूप आत्या,

पोतं पोचलं. टेंपोवाल्याने ते फाटकाशी ठेवलं आणि माझ्याकडे बघून ‘वहीत काय लिहिलंस गं?’ असं विचारलं. म्हणजे काकांनी मनात वाचलं नाही. असो.

पोत्याला लावलेली चिठ्ठी मी वहीत चिकटवली आहे, पान अठ्ठेचाळीसवर. ‘नेहमीसारखंच धुतलं आहे.’ अक्षर काकांचं, शब्द तुझे. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. तू बोलत नाहीस तर नाहीस, पण पोतं पाठवलंस.

तर मी या वेळी तुकडे मुद्दाम धुतले नाहीत, अगदी चौदासारखे, आणि वहीत तसं लिहिलंही : ‘धुतले नाहीत’. ते दोन शब्द लिहायला मला दहा मिनिटं लागली. भट्टी तीच, तापमान तेच, वेळ तीच. नमुना अठरा.

वीट, आत्या.

आता मला काहीच कळेनासं झालंय. मला वाटत होतं, न धुण्यातच काहीतरी असणार. तर तेही नाही. तुझे तुकडे या वेळी इतके स्वच्छ होते की त्यांत माझं तोंड दिसलं, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. त्यांना लिंबाचा वास येत होता. जानेवारीच्या पोत्याला चुलीचा येत होता. मी आधी त्यावर विचार केला, पण चिठ्ठीवर ‘नेहमीसारखंच’ आहे, आणि तुझ्या शब्दावर शंका घ्यायचं मी एकदा करून बसले आहे. तू आयुष्यात वजनात गुंजभर इकडचं तिकडे केलं नाहीस. लिंबाचा वास टेंपोत लागला असेल. वहीत मी तसंच लिहिलं आहे : ‘वास, बहुधा वाहतुकीत’.

दोन एप्रिलला तपासणी समिती येणार. नमुना चौदा त्यांच्यादेखत पुन्हा निघाला नाही तर तो निकाल खोडला जाईल, आणि त्याच्या भरवशावर मॅडमनी माझ्या कामाचा जो अर्धा भाग उभा केला आहे तोही. दोन वर्षं. मग मी परत येईन आणि तुझ्या शेडमध्ये झाकणं वेगळी करायला बसेन. ते मला येतं. वाईट वाटून घेऊ नकोस, मला ते कमी वाटत नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी तू मला बसमध्ये बसवताना टेंपोवाल्याला म्हणाली होतीस, ‘ही काही परत यायची नाही आता.’ तेव्हा तू रडत होतीस की मिरवत होतीस ते मला अजून कळलेलं नाही.

पोर


२० मार्च

तीर्थरूप आत्या,

मी मॅडमना सांगितलं.

कसं सांगायचं याची मी तीन दिवस तयारी केली, चार मुद्दे काढले. आत गेले आणि पहिला मुद्दा सोडून एकदम शेवटचा बोलले : ‘मॅडम, मी धुतलं नव्हतं.’ त्यांना वाटलं, मी चहाच्या कपाबद्दल बोलते आहे. त्या म्हणाल्या, ‘मग आता धू.’

मग सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वही मागवली. पान एक्केचाळीस समोर ठेवलं आणि म्हणाल्या, त्या ओळीवर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिही, आज तारीख कुठली आहे ती टाक. मी केलं. रेघ चढउताराची आली. त्या म्हणाल्या, ‘लेखी ताकीद मिळेल. समितीला मी आधीच कळवणार.’ मी म्हटलं, बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. मला उलट हलकं वाटलं.

मी उठले तर म्हणाल्या, बस. धुतले नव्हते तर त्यावर काय होतं?

मी म्हटलं, घाण.

‘घाण हे पदार्थाचं नाव नाही. कसली?’

मी म्हटलं, पांढरी पूड.

‘कशाची?’

त्यांनी विचारलं, ‘जिने ते तुकडे धुतले तिला तू विचारलंस का?’

आत्या, मी विचारलं नाही. दोन वर्षं मी सगळ्यांना सगळं विचारते. मामांना मी यंत्राच्या नळीचा व्यास विचारला होता आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. आणि तुला, जिच्या हातचं मी खाल्लं, तिला मी विचारलं नाही की ही पूड कसली आहे. मी तुला ती काय आहे हे सांगितलं. मला वाटलं, तुला काय विचारायचं, तू तर घरचीच.

काका, आता पुढचा भाग मोठ्याने वाचा. दुकानात नको, शेडच्या दारात उभं राहून वाचा. त्या दिवशी जे होते ते सगळे असू देत. टेंपो सोमवारी येतो, तेव्हा सोमवारी वाचा.

माझ्या आत्याचा माल घाण नव्हता. मी न विचारता बोलले, आणि माझ्या स्वतःच्या हातून जी लबाडी झाली होती तिचा राग मी तिच्यावर काढला. शिकलेल्या माणसाने आधी विचारायचं असतं, एवढंच तर शिकवतात, आणि तेवढंच मी विसरले. आत्या, माझं चुकलं.

संपलं, काका. आता हळू वाचलंत तरी चालेल.

आणि आता विचारते. आत्या, ती पांढरी पूड कसली होती?

तुझी,
पोर


२४ मार्च
(मापाच्या वहीतली दोन पानं. कंबर ३२, उंची ४१, ‘सैल नको’.)

चिरंजीव पोरीस आशीर्वाद.

सोमवारी शेडच्या दारात वाचलं. टेंपोवाला होता. तो म्हणाला पुन्हा वाचा, म्हणून दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा कुणी म्हणालं नाही, पण मी वाचलं, कारण समोरची इस्त्रीवाली उशिरा आली.

तुझी आत्या पहिल्या वाचनाला झाकणं वेगळी करत होती. दुसऱ्या वाचनाला निळी झाकणं पांढऱ्यांत टाकत होती. तिसऱ्याच्या वेळी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग येऊन म्हणाली, कागद घ्या, लिहा. खाली ती सांगते तसं लिहितो, माझं काही नाही.

‘राख. दुसरं काय असणार. चुलीतली राख चाळून पिंपात पाण्यात घालायची. दोन दिवस हात लावायचा नाही. वरचं पाणी तेवढं काढायचं, त्यात तुकडे तीन दिवस. लेबलाचा डिंक असा सुटतो की साबणाच्या बापाला जमायचं नाही. मग उन्हात. परत धुवायचं नाही. माझ्या सासूने भांडी राखेने घासली, मी बाटल्या राखेने धुतल्या. राख घाण नसते, राख घाण काढते. एवढी शिकलीस आणि एवढं माहीत नाही.’

मी टोपण लावलं. ती म्हणाली, टोपण काढा.

‘दुसरं पोतं राखेचं नव्हतं. तू घाण म्हणालीस म्हणून मी दुकानातून धुण्याची पावडर आणली, लिंबाच्या चित्राची, आणि पाच वेळा धुतलं. राखेचा थेंब लागू दिला नाही. म्हटलं, बघू दे हिला स्वच्छ म्हणजे काय. आणि चिठ्ठीत नेहमीसारखंच लिहायला लावलं, म्हणजे तुला वाटावं की माझा माल नेहमीच असा असतो. खोटं लिहायला लावलं. तू ते वहीत चिकटवलंस. लिंबाचा वास टेंपोत लागला म्हणालीस. टेंपोत कधी लिंबू नव्हतं गं.’

टेंपोवाल्याने हे खरं असल्याचं सांगितलं.

मी तिला म्हटलं, खाण तशी माती. दोघींनी धुण्याबद्दलच खोटं सांगितलं, एकीने न धुता धुतलं म्हटलं, दुसरीने जास्त धुऊन नेहमीसारखं म्हटलं. ती म्हणाली, तुमचं अक्षर होतं, तुम्हीही त्यात. ते खरं आहे, म्हणून मीही माफी मागतो.

पिंप भरलं आहे. एकतीस तारखेच्या बसने ती स्वतः पोतं घेऊन येते आहे. टेंपोने पाठवत नाही, वास लागतो म्हणाली.


५ एप्रिल

तीर्थरूप आत्या,

काल फोनवर तू ‘राँग नंबर’ म्हणालीस आणि पुढे चाळीस मिनिटं बोललीस, तेव्हा खरं तर पत्राची गरज नव्हती. पण शिंपीकाका रुसले आहेत असं तूच सांगितलंस. ते म्हणतात, बाई तिकडे जाऊन सगळं बघून आली आणि आम्हाला दारात उभं राहून वाचायला काही नाही. तेव्हा हे त्यांच्यासाठी. काका, आवाज लावा.

माझी आत्या एकतीस तारखेला पोतं मांडीवर घेऊन आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पोत्यात काय आहे विचारलं, तर म्हणाली, ‘हिचा अभ्यास.’ प्रयोगशाळेत तिला डोळ्यांवरचा चष्मा आणि पांढरा कोट घालायला दिला. कोटाची बाही तिला लांब होत होती. ती म्हणाली, आमच्या शिंप्याकडे पाठवा. मग तिने टेबलावरून एक बोट फिरवलं, ते उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मामांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी टेबलं पुसून काढली, न सांगता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती एक दिवस आधीच आली. त्यांच्यासमोर तुकडे भट्टीत ठेवले. तिघांत जे वडीलधारे होते त्यांनी वहीतलं पान एक्केचाळीस वाचलं, माझी चढउताराची रेघ बघितली आणि चष्म्यावरून माझ्याकडे. मी म्हटलं, ‘हो, मीच.’ मग त्यांनी आत्याला विचारलं, राखेचं पाणी नंतर धुऊन का टाकत नाही? ती म्हणाली, ‘काम करून दमलेल्याला कुणी हाकलून देतं का?’ त्यांनी ते लिहून घेतलं. कशासाठी ते कळलं नाही.

मॅडमनी मग समजावून सांगितलं, की आम्ही जो जहाल क्षार विकत आणून मिसळतो त्याचाच एक सौम्य भाऊ लाकडाच्या राखेत असतो. तो राखेच्या पाण्यात उतरतो, वाळला की तुकड्यांवर पांढरा बसतो आणि भट्टीत आतून भोकं पाडत जातो. म्हणजे मी ज्याला साधा नमुना म्हणत होते तो साधा नव्हताच, आणि मी ज्याला घाण म्हणत होते तेच सगळं काम करत होतं.

रात्री आत्या माझ्या पलंगावर झोपली आणि मी खाली. ती झोपेत दोनदा ‘निळी वेगळी’ म्हणाली.

दोन तारखेला दुपारी मामांच्या यंत्रातून आकडा आला. नमुना चौदाचा होता ग्रॅमला पंधराशे चौरस मीटर. एकोणिसाचा आला चौदाशे साठ. मामा म्हणाले, ‘हिने घेतलं.’ यंत्राबद्दल. मला रडू आलं म्हणून मी वजनकाट्याचा नंबर लिहायला घेतला, आणि तो दोनदा चुकला. काम टिकलं. त्याचं नाव बदललं, आता त्यात राख आहे. ताकीदही मिळाली, लेखी, शिक्क्यासह. तिची मी एक प्रत काढून ठेवली आहे. मॅडम म्हणाल्या, ताकिदीची प्रत काढणारी तू पहिलीच.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. आत्याने हे तुम्हाला सांगितलं नसणार.

सगळे निघाल्यावर ती मला म्हणाली, ‘माझी चिठ्ठी कुठे आहे?’ मी पान अठ्ठेचाळीस काढलं. तिने विचारलं, ‘यात नेहमीसारखंच कुठे लिहिलंय?’ मी बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, पेन दे. मी म्हटलं, आत्या, राहू दे, वही माझी आहे. ती म्हणाली, ‘शब्द माझा आहे.’ आणि तिने त्यावर एक रेघ मारली. सरळ, एका दमात, मापात कापल्यासारखी, खालचं वाचता येईल अशी. माझ्यापेक्षा किती तरी चांगली. मग म्हणाली, सही करायची असते ना शेजारी? आणि इकडेतिकडे बघितलं. शाईचा पॅड नव्हता. बशीत नमुना एकोणिसाचा उरलेला कोळसा होता. तिने त्यात अंगठा बुडवला आणि पानावर ठेवला.

मॅडम दारात उभ्या होत्या. नियमात असा ठसा बसत नाही. तरी त्या म्हणाल्या, ‘त्याच्यावर चिकटपट्टी लाव, नाहीतर उडून जाईल.’

ते मी केलं. पण आत्या, तू बसमध्ये बसल्यावर मला राहवलं नाही. मी तशीच दुसऱ्या कागदावर अंगठा उमटवून आधी आणि नंतर वजन केलं, पाच वेळा, आणि सरासरी काढली. एका ठशात दहा मिलिग्रॅम कोळसा बसतो. चौदाशे साठने गुणलं तर त्या ठशातल्या भिंती उलगडून चौदा पूर्णांक सहा चौरस मीटर भरतात. तुझी शेड मी आठवीत असताना मोजली होती, तीन बाय पाच मीटर. म्हणजे तुझ्या अंगठ्याखाली पान अठ्ठेचाळीसवर आपली अख्खी शेड मावली आहे. फक्त दाराजवळचा शून्य पूर्णांक चार चौरस मीटरचा तुकडा उरतो.

तिथे तुझं स्टूल बसतं. मी मोजलं आहे.

तुझी,
पोर